न उचलायचा फोन

पॉलिशवाल्याच्या घरात फोन वाजायचा, पण उचलण्यासाठी नव्हे. बाहेरच्या माणसाला हे सांगून पटत नसे. दिवसाचं काम आटोपलं की त्याने घरी एक रिंग द्यायची आणि कापायची, म्हणजे ‘निघालो’. तिकडे बायको चहाचं आधण चढवणार. तिच्याकडून दोन रिंगा आल्या आणि फोन बंद झाला, म्हणजे ‘येताना दूध आणा’. बाकी जे काही बोलायचं ते घरी, समोरासमोर. फोन दोन रिंगांच्या पुढे वाजतच राहिला तरच उचलायचा, कारण मग काहीतरी विपरीत घडलेलं असणार. फोनवर बोलणं महाग होतं तेव्हाची ही सवय. पुढे बोलणं जवळपास फुकट झालं, तरी दोघांनी ती सोडली नाही. लेक चिडवायची, ‘‘तुम्ही दोघं म्हणजे तारायंत्रवाले आहात.’’ बायको म्हणायची, ‘‘असू दे गं, आमचं अडत नाही ना?’’

इतक्या वर्षांत वाजतच राहिलेला फोन एकदाच आला, आणि तो त्याला ऐकूच आला नाही.

नव्या इमारतींमधल्या फरश्या घासून त्यांना चकाकी आणायची, हा त्याचा धंदा. घासायचं मशीन माणसाच्या कमरेइतकं उंच आणि अंगाने चांगलं दणकट. खाली फिरते दगड, वरून पाण्याची धार, आणि आवाज असा की शेजारी उभा राहिलेला माणूसही नुसते ओठ हलवताना दिसायचा. आधी खरखरीत दगड, मग बारीक, मग त्याहून बारीक. दिवसभर पाय पांढऱ्या गाळात. या मशीनने त्याचा डावा कान जवळजवळ खाल्ला होता आणि बोटांची टोकं गुळगुळीत करून टाकली होती. त्या दिवशी त्याचा सदरा बाजूच्या खोलीत खिळ्याला टांगलेला होता आणि फोन सदऱ्याच्या खिशात. बायको स्वयंपाकघरात कोसळली. शेजारणीने तिला उचललं, फोन लावला, पुन्हा लावला, लावतच राहिली. तो पाणी प्यायला थांबला तेव्हा त्याला कळलं. डॉक्टरांनी एवढंच सांगितलं, की लवकर आणलं असतं तर बरं झालं असतं. ते वाक्य त्याने कोणालाही सांगितलं नाही, पण विसरलाही नाही.

बायको वाचली. उजवी बाजू लुळी पडली आणि वाचा गेली. वाचा शिकवायला एक बाई घरी येत. त्या म्हणाल्या, ‘‘समजतंय त्यांना सगळं. शब्द पुन्हा येतील, पण रोज सराव हवा.’’ सराव कसला! बाई समोर बसल्या की ती ओठ घट्ट मिटून घ्यायची. तो रोज संध्याकाळी खाटेशी बसून म्हणायचा, ‘‘अ म्हण बघू. नुसतं अ.’’ ती भिंतीकडे तोंड फिरवायची. एकदा तर तो चिडून बोलून गेला, ‘‘तूच मनावर घेत नाहीस, मग आम्ही डोकं फोडून काय होणार?’’ तिने डोळे मिटून घेतले. त्याला स्वतःचाच संताप आला, पण बोलणं तोंडातून निसटलं होतं. हिने हाय खाल्ली, आता ही काही बोलायची नाही, असं त्याच्या मनाने हळूहळू घेतलं. बाईंचं येणंही मग आठवड्यातून एकदाच उरलं.

अशात लेक आली ती दोन नवे फोन घेऊनच. दोन्ही एकसारखे, हाताच्या पंजाएवढे. जुने बटणांचे फोन तिने गुंडाळून कपाटात ठेवले आणि वडिलांना म्हणाली, ‘‘बसा. आज तुमची शाळा.’’

पहिल्याच धड्याला गाडी अडली. फोन अंगठा मागत होता. त्याने अंगठा टेकवला. फोन म्हणाला, पुन्हा टेकवा. त्याने दुसरं बोट लावलं, मग दुसऱ्या हाताचं. फोन काही ऐकेना.

‘‘बाबा, बोटं धुवून या.’’

‘‘धुतलेलीच आहेत.’’

‘‘मग ठसा का घेत नाहीये?’’

‘‘ठसा असेल तर घेईल ना! फरश्यांवर गेला तो,’’ तो म्हणाला. खाटेवरून बायको बघत होती. तिच्या ओठांच्या डाव्या कोपऱ्यात बारीकसं हसू आल्यासारखं त्याला वाटलं. शेवटी लेकीने कुलपाचा नादच सोडला.

मग तिने एकेक गोष्ट लावून दिली. अक्षरं मोठी केली. वडिलांच्या फोनला असं करून ठेवलं की रिंग आली की पाठीमागचा दिवा लखलख उघडमीट करील. ‘‘मशीन चालू असलं तरी दिसेल. फोन खिशात नाही, डोळ्यांसमोर टांगायचा.’’ थरथरणारा फोन त्याच्या कामाचा नव्हता, कारण मशीन धरलेला माणूस स्वतःच दिवसभर थरथरत असतो. हे लेकीला न सांगता उमजलं याचं त्याला बरं वाटलं. आईच्या फोनवर तिने पहिल्याच पानावर वडिलांचा मोठा फोटो लावला. तो गाळाने पांढराफटक झालेला, भूत दिसावं तसा. डाव्या हाताने त्या भुताच्या नाकावर बोट ठेवलं की वडिलांना फोन जाणार. जाता जाता तिने आणखी एक केलं. बाबांचा फोन आला की आईचा फोन आपोआप उचलला जाईल आणि बोलणं मोठ्याने ऐकू येईल. ‘‘आईला उचलायची झटापट नको,’’ ती म्हणाली. ती त्याच्या डाव्या, बहिऱ्या कानाच्या बाजूला बसलेली होती. त्याने मान डोलावली, पण यातलं त्याला काहीएक कळलं नव्हतं.

लेक परत गेली. शेजारीण दुपारी एक फेरी मारून जायची. कसल्या कसल्या कंपन्यांचे फोन येऊन आजारी माणसाची झोपमोड होते, म्हणून तिने बायकोच्या फोनचा आवाज पार बंद करून टाकला आणि तो उशीमागच्या फळीवर ठेवून दिला. तिच्या परीने तिने चांगलंच केलं.

त्या दिवशी त्याचं काम लवकर उरकलं. हात धुतले न धुतले तोच त्याने सवयीप्रमाणे घरी रिंग दिली आणि कापायला गेला. काचेला ओलं बोट कळेना. तो लाल बिंदूवर बोट दाबतोय, घासतोय, आणि फोन ढिम्म. तेवढ्यात पलीकडे फोन उचलला गेला. त्याला वाटलं शेजारीण असेल. त्याने फोन उजव्या कानाला लावला.

आधी पंख्याचा आवाज आला. मग श्वास. मग ‘‘अ...’’

तिला काही दुखतंय असंच त्याला वाटलं. तो ‘काय झालं’ म्हणून ओरडणार, इतक्यात पुन्हा आलं, ‘‘अ... अ...’’ आणि थांबून, मोठा श्वास घेऊन, ‘‘अ... ओ.’’ मग खाटेच्या कडेवर थाप पडली. ती थाप त्याने ओळखली. भाकरी बिघडली, सुई हरवली, काही मनासारखं झालं नाही की ती तळहाताने अशीच मारायची. पुन्हा ‘‘अ...’’ पुन्हा थाप. आणि मग, बोबडं पण पुरतं, ‘‘अहो.’’

लग्न झाल्यापासून तिने त्याला दुसऱ्या कशानेही हाक मारली नव्हती. त्याने फोन कानाला घट्ट दाबून धरला. जिने हाय खाल्ली असं तो धरून चालला होता, ती रोज सगळे गेल्यावर एकटी त्यालाच हाक मारायला शिकत होती.

खरं तर हे त्याला आधीच कळायला हवं होतं. शिकताना कोणी पाहिलेलं तिला कधीच खपलं नव्हतं. लग्नानंतर तिने सायकल शिकली ती पहाटे, रस्त्यावर चिटपाखरू नसताना. गुडघे फोडून घेतले, कपड्याखाली झाकले, आणि एके दिवशी सायकलवर बसून थेट त्याच्या कामावर डबा घेऊन हजर झाली. ‘कधी शिकलीस?’ असं त्याने विचारलं, तर म्हणाली, ‘तुम्हाला काय करायचंय? डबा गरम आहे तो खा.’ अशा बाईला आपण ‘अ म्हण बघू’ म्हणत होतो, तेही शेजारीण दारात उभी असताना.

घरी गेल्यावर त्याने फळीवर मुका पडलेला फोन पाहिला आणि लेकीने जाता जाता काय करून ठेवलं होतं ते त्याला उमजलं; बायकोला मात्र तो काही बोलला नाही. पण दुसऱ्या दिवशी दुपारी मशीन बंद करून, हात कोरडे करून, त्याने पुन्हा फोन लावला. तिसऱ्या दिवशीही. ऐकल्यावाचून त्याला राहवेना. एका शब्दाचे दोन झाले, कुठलातरी तिसरा येता येता अडकायचा. तो जिन्यात बसून, चोरासारखा फोन कानाला लावून, मनातल्या मनात तिच्याबरोबर जोर लावायचा. मग एका दुपारी शब्द काही केल्या येईना, आणि ती रडायला लागली. आजारपणात तिने त्याच्यासमोर डोळ्यातून टिपूस काढलं नव्हतं. इथे ती तोंड उघडं टाकून, हंबरून रडत होती, कारण घरात कोणी नाही अशी तिची खात्री होती. त्याला स्वतःची शरम वाटली. दुसऱ्याच्या खोलीत न विचारता शिरावं तसं हे झालं होतं, आणि ती खोली तिला एवढ्या आजारपणात कशीबशी मिळालेली.

संध्याकाळी त्याने लेकीला फोन लावला. ‘‘आईचा फोन आपोआप उचलतो, ते बंद कसं करायचं ते सांग.’’

‘‘बंद कशाला? चांगलं चाललंय की.’’

‘‘मला नको आहे ते.’’

‘‘बाबा, उद्या तिला काही झालं तर? मागच्या वेळी काय झालं विसरलात का?’’

‘‘विसरलो नाही,’’ तो म्हणाला. ‘‘पण एक हात आहे तिला. लागलं तर ती करील फोन. तिला वाटेल तेव्हा करील.’’

लेकीला ते पटलं नाही, पण तिने सांगितलं. दातेरी चाकाच्या चित्रावर बोट ठेवा, खाली सरका, अजून खाली, नाही, एवढं नाही, वर या. गुळगुळीत बोटाने तो काचेवर वरखाली होत राहिला. एकदा भलतीच भाषा लागली, ती काढताना दोघांच्या नाकी नऊ आले. हे सगळं तो खाटेशीच बसून करत होता. बायको आधी छताकडे बघत होती, मग फोनकडे, मग त्याच्याकडे. शेवटी ते हिरवं बटण करडं झालं. शेजारणीने बंद केलेल्या आवाजाचीही कळ त्याने वर केली आणि मान वर करून पाहिलं. ती टक लावून त्याच्याकडेच बघत होती. तिला सगळं उमगलं होतं, हे त्याला तिच्या नजरेतच दिसलं.

‘‘मी ऐकलं,’’ तो म्हणाला. ‘‘चार-पाच वेळा. चुकलं माझं. आता नाही ऐकणार.’’

तिने भिंतीकडे तोंड फिरवलं. बराच वेळ तशीच राहिली. मग तिचा डावा हात आला, त्याच्या मांडीवरचा फोन तिने उचलला आणि उशीमागच्या फळीवर न ठेवता आपल्या छातीशी ठेवला.

त्यानंतर किती दिवस गेले कोण जाणे. तो काम संपलं की एक रिंग द्यायचा आणि कापायचा. पलीकडून काहीही येत नसे. दोन रिंगाही नाहीत. दूध शेजारीणच आणून ठेवायची. त्याने विचारलं नाही, बाईंनाही काही सांगितलं नाही. मात्र कामावर फोन प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून समोरच्या खिडकीच्या गजाला टांगायचा आणि मशीन फिरवताना दर फेरीला तिकडे बघायचा. ठेकेदार म्हणायचा, ‘‘काय हो, फरशी खाली आहे, खिडकीत काय बघताय?’’

मोठ्या दिवाणखान्याचा शेवटचा हात चालला होता. दगड सर्वात बारीक, फरशीत आता छत दिसायला लागलं होतं. खिडकीत दिवा लखलखला. एक. तो थांबला. दोन. दूध, त्याच्या मनात आलं, इतक्या दिवसांनी. मग दिवा तिसऱ्यांदा लागला. चौथ्यांदा. लागतच राहिला.

मशीन बंद करून तो त्या निसरड्या फरशीवरून धावला, गुडघ्यावर आपटला, उठला. हात गाळाने माखलेले. बोट ओलं असलं की काच ऐकत नाही हे एवढ्या घाईतही त्याला आठवलं. त्याने अंगठा केसांना पुसला, सदऱ्याला पुसला, आणि हिरव्या बिंदूवर टेकवला.

‘‘हॅलो? कोण? काय झालं?’’

पलीकडे पंखा होता. श्वास होता. तो बोलायचा थांबला. घाई करायची नाही एवढं त्याला कळत होतं. खोलीत ठेकेदार येऊन उभा राहिला, त्याला त्याने हातानेच गप्प बसवलं.

‘‘अहो,’’ ती म्हणाली.

‘‘हं.’’

खूप वेळ गेला. या वेळी थाप पडली नाही. तिने श्वास घेतला.

‘‘दू... दूध.’’

‘‘आणतो,’’ तो म्हणाला. तिने फोन ठेवला.

‘‘घरी सगळं ठीक ना?’’ ठेकेदाराने विचारलं.

‘‘दूध संपलंय,’’ पॉलिशवाला म्हणाला आणि खिडकीकडे तोंड करून उभा राहिला. गालावरच्या गाळातून पाणी खाली येत होतं आणि ते पुसायला त्याच्याजवळ एकही कोरडी जागा उरली नव्हती. दुधासाठी दोन रिंगा पुरल्या असत्या.