सुभेदारांचा जुना एक्स-रे

“तुमीच लिवलंय न्हवं? मग तुमीच सांगा, मणका कुठवर सरकलाय?”

पलूसजवळच्या एका गावचे निवृत्त सुभेदार माझ्या टेबलावर एमआरआयची पिशवी ठेवून उभे होते. दोन महिने कंबर दुखत होती आणि ऑपरेशन चार दिवसांवर आलं होतं. मी सांगलीत रेडिओलॉजिस्ट आहे, म्हणजे फोटो वाचणारा डॉक्टर. रिपोर्ट माझाच होता: कमरेचा शेवटचा मणका किंचित पुढे सरकलेला. पण तो वाचल्यापासून गडी वाकेना, उसात जाईना, खोकायचं तेही भीत भीत.

“फौजंत गोळीला भ्यालो न्हाई,” ते म्हणाले, “पर ह्यो निसटला तर जलमभर अंथरुणात का वो?”

मला एकदम साताऱ्याचे माझे सर आठवले. मी त्यांच्या हाताखाली शिकत होतो तेव्हा ओल्या फिल्म दोरीवर वाळत असायच्या आणि डार्करूमचा आंबूस वास दवाखानाभर. फिल्म दिव्याच्या पेटीवर लावण्याआधी सर विचारायचे, “आधीची जुनी फिल्म आहे का?” घरी असेल तर ती आणायला माणसाला परत गावी धाडायचे. आम्ही पाठीमागे हसायचो. अजूनही तो वास मला हवाहवासा वाटतो. आता ढिगानं एमआरआय येतात, आणि तेवढंच विचारायचं मी विसरलो होतो. लाज वाटली.

“आधी कधी कमरेचा फोटो काढला होता?”

“न्हाई बा.”

“आवं, काढला की!” सोबत आलेल्या त्यांच्या पत्नी म्हणाल्या. “पेन्शनीत आला त्या साली, ट्रकवरनं पडला तवा. ट्रंकंत हाय, कागदांसंगट.”

फौजी घरात कागद फेकत नाहीत. दुसऱ्या दिवशी अठरा वर्षांपूर्वीची फिल्म आली. नवा एक्स-रे काढून शेजारी लावला, पट्टीनं मोजलं. मणका तेव्हाही तेवढाच सरकलेला होता! त्यानंतर या माणसानं विहीर खणली, ऊस तोडला, आणि या दोन महिन्यांआधी कंबर कधी दुखली नव्हती. माझा जीव भांड्यात पडला.

ऑपरेशन करणाऱ्या सर्जनना फोन करून जुन्या फिल्मचं सांगितलं. “पायात ताकद आहे, बधिरपणा नाही, लघवीची तक्रार नाही,” ते म्हणाले. “मला वाटलं, मणका आत्ताच सरकतोय. मग थांबू. व्यायाम करून बघू.”

दोन महिन्यांनी सुभेदार ताठ चालत आले.

“कंबर कशी आहे?”

“ब्येस हाय. पर भ्यानं मी म्हस इकून बसलो न्हवं? आता शेजारच्या गोठ्यातनं मला बघून रेकती.”

मी सॉरी म्हणालो. माझा रिपोर्ट बरोबर होता. फक्त अर्धा होता.