पोरानं विकलेली सरकी

आमच्या गावात माझा हात चांगला समजतात. म्हणजे काय, तर सरकी लावायच्या दिवशी बाया मला आधी बोलावतात. ओटीत बी घ्यायचं, मातीला हळदकुंकू वाहायचं, पहिले पाच दाणे मी टाकायचे, मग बाकीच्यांनी पुढं लावत जायचं. माझ्या हातात काही विशेष नाही, हे मला पक्कं ठाऊक. लागोपाठ दोन साली बोंडअळीनं माझ्याच शेतातला कापूस खाल्ला, तेव्हा हा हात कुठं गेला होता? पण बोलावणं आलं की मी जायची. मान कोणाला नको असतो!

मुलगा तेव्हा एकवीस वर्षांचा. पुसदला कॉलेजात ठेवला होता. वर्षभर तो कॉलेजात कमी आणि मित्रांच्या मोटरसायकलींवर जास्त होता, हे आम्हाला तो नापास होऊन घरी आल्यावर कळलं. आमचे हे चिडले, म्हणजे त्याच्याशी बोलणंच सोडलं. आमच्या घरात आरडाओरड करायचं खातं माझ्याकडे, पण पोराच्या बाबतीत माझं तोंड शिवलेलं. लोकांना सांगितलं, तब्येत बरी नव्हती म्हणून परीक्षा राहिली. त्याच्यासमोरच सांगितलं, आणि त्यानं मान डोलावली. तिथंच एक थोबाडीत द्यायला हवी होती. त्याला की मला, ते तुम्ही ठरवा.

मे महिन्यात त्यानं केळापूरकडच्या कुण्या मित्राकडून सरकीची पाकिटं आणली. पांढरी पाकिटं, ना बिल, ना नीट छापलेलं नाव. म्हणे, या कपाशीवर औषध मारलं की नुसतं गवत मरते, निंदणाचा ताप नाही. ह्यांनी स्पष्ट सांगितलं, असलं बी घरात नको. मी पाकिटं गव्हाच्या कोठीमागं ठेवून दिली. पोरगं काहीतरी करतंय तरी, एवढाच माझा विचार.

त्याचं पहिलं गिऱ्हाईक म्हणजे आमची शेजारीण. तिचा नवरा ट्रकवर, महिना महिना बाहेर; तीन एकर ती एकटी पाहायची. लावणीच्या दिवशी तिनं माझ्या ओटीत बी ओतलं आणि मी तिच्या हातातलं पांढरं पाकीट ओळखलं. हात थांबला माझा. म्हणायला हवं होतं, थांब बाई, हे नको लावू. नाही म्हटलं. पाच दाणे टाकले आणि घरी आले.

दहा दिवसांनी तिच्या शेतात निम्म्याहून जास्त जागा रिकाम्या होत्या. पोरगं मित्राकडे पळालं, फोन बंद. शेजारीण माझ्या दारी आली, ती भांडायला नाही. म्हणाली, वयनी, पावसानं दगा दिला, तुम्ही मनाला लावून घेऊ नका. शिव्या दिल्या असत्या तर परवडलं असतं हो. त्या दिवशी मला जेवण गेलं नाही.

चौथ्या दिवशी पोरगं परतलं. मी ताट वाढलं, आणि ते जेवत असताना सांगितलं की काकूकडे जाऊन खरं काय ते बोल. ते ताटातून मान वर न करता म्हणालं, "सारे पाऊसच म्हणून राह्यले ना? मग तू कायले सांगतं?"

पिकाचं काय, एक साल बुडालं तर पुढचं येतं. पण हे पोरगं असंच राहिलं तर? मला एवढंच हवं होतं, की त्यानं एकदा, एकदाच, आपल्या तोंडानं माझं चुकलं म्हणावं. इतक्या वर्षांत ते शब्द मीच त्याच्या वाट्याला येऊ दिले नव्हते.

मी उरलेली पाकिटं ह्यांच्यापुढं आणून ठेवली; ह्यांनी ती खड्डा करून पुरली. आमचा नाल्याकडचा तुकडा लावायचा राहिला होता, त्याच्यासाठी दुकानातून बिलानं आणलेलं बी होतं. ते घेऊन आम्ही दोघं शेजारणीच्या शेतात रिकाम्या जागा भरायला गेलो. पोरगं आलं नाही. हे पलीकडच्या तासाला, म्हणजे सरीच्या ओळीला होते, ती माझ्या बाजूला वाकून बी टाकत होती. मी सांगून टाकलं. बी पोराचं, बिल नव्हतं, आणि मला माहीत होतं.

ती तासाच्या टोकापर्यंत दाणे टाकत गेली. तो तास किती लांब होता, काय सांगू. मग कंबर सरळ करत म्हणाली, "तुम्ही मले सांगतलं, हे त्याले कळू देऊ नका."

वर्ष गेलं. पोरगं महागावला टायरच्या दुकानात लागलं, संध्याकाळी घरी यायचं. शेजारणीच्या दारावरून जायचं नाही, मागच्या बोळीतून यायचं. मी टोचायला गेले की हे डोळ्यांनी गप्प करायचे. रोज वाटायचं, आज बोलेल. रोज भाकर खाऊन झोपायचं.

पुढच्या जूनमध्ये, रविवारच्या दुपारी, शेजारीण दारात आली. उद्या सकाळी या वयनी, म्हणाली. मी हो म्हणायच्या आत पोरगं भरल्या ताटावरून उठून आलं. हात खरकटाच.

"काकू, मागच्या सालचं बी खोटं होतं. बिल नाही हे मले माहीत होतं. पावसाचा दोष नोता. मायच्या हाताचाही नोता. माझं चुकलं."

मला वाटलं, आता ही म्हणणार, ठाऊक आहे रे मला. ती उंबऱ्यावर खालीच बसली, जन्मात पहिल्यांदा ऐकत असल्यासारखी. असं होतं काय, म्हणाली. वर्षभर कसं रे ठेवलं मनात, असं विचारलं. पोरगं रडायला लागलं. तिनं त्याला रडू दिलं आणि मग म्हणाली, "उद्या तूही ये. लावायले बाया कमी आहेत."

एवढ्या वेळात तिनं माझ्याकडे एकदाही पाहिलं नाही. मी तिच्या पाया पडले असते, पण पोरासमोर पडता येत नव्हतं.