वर दोन पानं

लग्नघराच्या मागच्या अंगणात करवंट्या साठतात ना, तसे माझ्याकडे किस्से साठले आहेत. खोबरं पाहुणे खाऊन जातात, करवंट्या आचाऱ्याकडे राहतात. तंजावूरच्या मराठी घरांतल्या लग्नांत मी जन्मभर स्वयंपाक केला. शाळा चौथीपर्यंत. केळीची पानं किती मांडायची, एवढंच माझं गणित.

*

आमच्या टोळीतला कृष्णाजी राव भाजी चिरता चिरता कोडी घालायचा. जो चुकेल त्याने नारळ खोवायचे.

एकदा म्हणाला, "गोविंदा, पहिल्या पंगतीला काही पानं. दुसरीला त्याच्या दुप्पट. तिसरीला पहिलीपेक्षा सहा जास्त. एकूण शहाऐंशी. तर पहिली पंगत किती पानांची?"

मी बोलतो सावकाश, विचारही सावकाशच करतो. ते जास्तीचे सहा आधी बाजूला काढले. उरली ऐंशी. पहिली पंगत एक वाटा, दुसरी दोन, तिसरी पुन्हा एक. चार वाटे.

"वीस," मी म्हणालो. "पण तू बावीस मांड."

"हे कोडं आहे रे, लग्न नव्हे."

"ऐनवेळी येणाऱ्याला ते कोण सांगणार? वर दोन धर."

सगळे नारळ मीच खोवले. उत्तर मात्र बदललं नाही.

*

पापनाशमच्या एका लग्नात नवरीचा मामा स्वयंपाकघरात आला. चेन्नईला इंजिनियर. कागद पुढे करून म्हणाला, "समजा, उरलेले पाहुणे एक्स."

मी विचारलं, "अजून ओळख नाही, आणि नाव आधीच ठेवलंत?"

तो हसला नाही. बेरजा-वजाबाक्या करून त्याने उत्तर काढलं, चौतीस. "चौतीसच पानं मांडा. एकही जास्त नको."

मी मान हलवली आणि छत्तीस मांडली.

शेवटच्या पंगतीला चौतीस जण बसले. मग मामा आला, मागे त्याचा ड्रायव्हर. जरा खाली बघत म्हणाला, "स्वतःला मोजायलाच विसरलो."

"बसा," मी म्हणालो. "भात गरम आहे."

*

आता माझी नात जानकी. शाळा सुटली की पालथ्या पातेल्यावर बसून अभ्यास करायची आणि आमची कोडी ऐकायची. तिला पूल बांधायचे आहेत. त्यासाठी अकरावीला गणिताचा ग्रुप हवा, आणि त्या फॉर्मवर मल्लिका टीचरची सही हवी.

परीक्षेत नेमकं पंगतींचंच गणित आलं. जानकीने लिहिलं, "बावीस." खाली कंसात, "ऐनवेळी येणाऱ्यांसाठी दोन धरून."

शून्य मिळालं. टीचरनी मला बोलावून घेतलं. तमिळमध्ये वडीलधाऱ्याला मानाने अय्या म्हणतात, तसंच त्या मला म्हणत.

"अय्या, हिला हे कोणी शिकवलं?"

"मी."

"एक्स नाही, स्टेप्स नाहीत, उत्तर चूक. अशा मुलीला मी गणिताच्या ग्रुपला कशी पाठवू?"

मी काही बोलायच्या आत जानकी म्हणाली, "टीचर, पुलावर मोजून ठरवलेलीच माणसं येतात का?"

टीचरनी चष्मा काढून पुसला. "पूल नंतर. आधी एक्स शीक. शुक्रवारी फळ्यावर करून दाखव. आलं तर सही करीन, नाही तर नाही."

*

घरी पोरगी रडवेली झाली. "एक्स म्हणजे काय तेच कळत नाही, आजोबा."

मलाही कुठे कळत होतं? पण तिच्यासमोर एक झाकलेलं पातेलं ठेवलं. "आत काय आहे, माहीत आहे?"

"नाही."

"उचलता येतं? इकडून तिकडे ठेवता येतं?"

"येतं."

"मग झालं. झाकण शेवटी काढायचं."

तीन दिवस ती पातेली हलवत होती. कृष्णाजी कोडी घालायचा आणि ती चुकली तरी नारळ स्वतः खोवायचा.

*

शुक्रवारी मी मागच्या बाकावर बसलो होतो. टीचरनी विचारलं, "तुझं वय?"

"पंधरा."

"आजोबांचं?"

"एकाहत्तर."

"किती वर्षांनी आजोबांचं वय तुझ्या दुप्पट होईल?"

जानकीने खडू घेतला. समजा, एक्स वर्षांनी. एकाहत्तर अधिक एक्स, म्हणजे पंधरा अधिक एक्स, या सगळ्याची दुप्पट. एकेक ओळ तिने खाली खाली उतरवली. एक्स बरोबर एकेचाळीस.

"स्टेप्स बरोबर," टीचर म्हणाल्या. "आता पडताळा घे."

तिने लिहिलं: मी छप्पन्न, आजोबा एकशे बारा. आणि तिथेच थांबली.

"घाबरू नकोस," टीचर हळू आवाजात म्हणाल्या. "शब्दांच्या गणितात असं होतं. उत्तर येतं, पण खऱ्या आयुष्यात बसत नाही. तेव्हा खाली लिहायचं, शक्य नाही. लिही."

जानकीने मागे वळून माझ्याकडे पाहिलं. मग फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं, "शक्य आहे."

"जानकी, फॉर्म माझ्या हातात आहे."

"हो, टीचर."

"पुसून नीट लिही."

"नाही, टीचर."

टीचरनी फळ्यावरचं ते उत्तर पुन्हा एकदा वाचलं. मग टेबलाशी बसल्या, पेनाचं टोपण काढलं आणि सही केली. मान वर न करताच त्यांनी विचारलं, "मग अय्या, एकेचाळीस ना?"

मी गुडघ्यावर हात टेकून उठलो.

"वर दोन धरा, टीचर."