हात लावला तर धरत नाहीत

माझ्या दादाला माणूस कळत नाही, आकडा कळतो. हे मी रागाने म्हणते आहे आणि पुढचंही सगळं रागानेच सांगणार आहे. ज्यांना त्याचं कौतुक ऐकायचं असेल त्यांनी शिकागोजवळच्या नेपरव्हिलमध्ये आमच्या मराठी मंडळातल्या कुणालाही विचारावं. चारुदत्त म्हणजे शब्दाचा पक्का, हिशेबाचा चोख, कुणाच्या अध्यात ना मध्यात. सगळं खरं आहे. पण त्याच्या घरात मूल होऊन राहायची पाळी त्या लोकांवर आलेली नाही.

चारुदत्त माझा सख्खा मोठा भाऊ. मॅट्रिकला नागपूर बोर्डात तो चौदावा आला. पेपरवाला फोटो काढून गेला, आप्पांनी सगळ्या आळीत पेढे वाटले. तेरावा येता येता राहिला, त्याचीही एक गोष्ट आहे. बीजगणिताच्या पेपराला पर्यवेक्षकाने याच्या वहीवर बोट ठेवून एक चूक दाखवली. ओळखीतले होते बिचारे. दादाने ती चूक कळूनही तशीच ठेवली. दुसऱ्याचा हात लागलेले मार्क मला नकोत, म्हणाला. ही गोष्ट आप्पा येईल त्याला सांगायचे. काही वर्षांनी मला एकसष्ट टक्के पडले तेव्हा आप्पा म्हणाले, "असू दे, मुलगी आहे." आणि दादाने विचारलं, "वर्गात पहिल्याला किती?" पेढे आलेच नाहीत.

आप्पा गेले, नागपूरचं घर गेलं, दादा इंजिनिअर होऊन शिकागोला आला, पुढे लग्न करून मीही याच गावात आले. तो प्रश्न मात्र आमच्यासोबत विमानात बसून आला. निमिष पहिलीत चित्र काढून आणायचा तर दादा विचारायचा, "बेस्ट कुणाचं होतं?" सुमेधावहिनी डोळे मोठे करायची. उपयोग शून्य, पालथ्या घड्यावर पाणी.

निमिष त्याचा एकुलता एक. लहानपणी तो साधा, आपल्याला माहीत असलेला, पायाने खेळायचा फुटबॉल खेळायचा. हायस्कूलमध्ये एका कोचने त्याची लाथ पाहिली आणि त्याला अमेरिकन फुटबॉलमध्ये ओढलं. हा नावालाच फुटबॉल. चेंडू लंबगोल, आणि सगळा खेळ हातांचा, धडकांचा. पण संघात एक पोरगा असा लागतो, जो वेळ आली की मैदानावर येतो, दोन उंच खांबांच्या मधून चेंडू लाथाडतो आणि परत कडेला जाऊन उभा राहतो. तो किकर. निमिष किकर होता. तासाभराच्या अंतरावरच्या एका छोट्या कॉलेजात तो गेला तेही या खेळासाठी. तिथे त्याच्या पुढे एक मोठा किकर होता, म्हणून दोन हंगाम याने कडेला उभं राहून काढले. एका शब्दाने कुरकुर केली नाही.

दादा या खेळाला रानटीपणा म्हणायचा. सामना बघायला कधी गेला नाही. दोन हजार पाचच्या ऑक्टोबरात पालकांसाठी खास दिवस होता, तेव्हा वहिनीने आणि मी त्याला जवळजवळ ढकलतच गाडीत बसवलं. सामन्याआधी पोरांची व्यायामशाळा दाखवली. तिथल्या भिंतीवर एक भलामोठा फळा होता. बाकावर उताणं झोपून, लोखंडी बार छातीपर्यंत आणून वर ढकलायचा, याला बेंच प्रेस म्हणतात. कुणी किती पाउंड ढकलले, ते फळ्यावर नावांसकट उतरत्या क्रमाने लिहिलं होतं. सगळ्यात वर एक धिप्पाड पोरगा, चारशे दहा. सगळ्यात खाली निमिष, एकशे पंचावन्न.

दादा त्या फळ्यापुढे थांबला तो थांबलाच. आयुष्यभर परक्या वाटलेल्या या देशात अखेर त्याला त्याची मेरिट लिस्ट सापडली होती.

त्या दिवशी मोठ्या किकरचा पाय मुरगळला आणि निमिषला मैदानात उतरवलं. चाळीस यार्डांवरून, समोरून बोचरा वारा, आणि पोराने चेंडू खांबांच्या बरोबर मधून काढला. माझा ओरडून घसा बसला. वहिनी रडली. घरी येताना निमिष मागच्या सीटवर माझ्याशेजारी बसला होता, चेहरा नुसता फुललेला. तेवढ्यात पुढून दादा म्हणाला, "चारशे दहापैकी एकशे पंचावन्न. म्हणजे अडतीस टक्के."

"बाबा, आय मेड द किक," निमिष म्हणाला.

"हो हो, ते छानच झालं. पण अडतीस म्हणजे काठावर पास रे. आणि सगळ्यात खाली नाव!"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी म्हटलं, "दादा, त्याचं काम पायाचं आहे. त्याने काय छातीने चेंडू ढकलायचाय?" तर म्हणतो, "विनीता, फळ्यावर नाव आहे ना? मग विषय कंपल्सरी आहे."

पुढच्याच आठवड्यात दादाने जिमची मेंबरशिप घेतली, स्वतःची आणि निमिषची. मी हिवाळ्यात बर्फामुळे आणि उन्हाळ्यात उकाड्यामुळे त्याच जिममध्ये ट्रेडमिलवर चालायला जाते, म्हणून हा सगळा तमाशा मला डोळ्यांनी बघावा लागला. दादाने इंटरनेटवरून तक्ते काढले. पन्नाशीच्या सामान्य माणसांनी किती उचलावं, विशीतल्यांनी किती, खेळाडूंनी किती. स्वतः महिनाभर कुंथून तो कसाबसा शंभरापाशी पोचला आणि सगळ्यांना सांगत सुटला, "माझ्या वयाच्या लोकांत मी ॲव्हरेजच्या जवळ आहे." ते ठीक होतं. त्याची छाती, त्याचा खुळेपणा. पण त्याच तक्त्यांत त्याने वाचलं, की कॉलेजातून मोठ्या व्यावसायिक संघांत जाऊ पाहणाऱ्या पोरांची परीक्षा दोनशे पंचवीस पाउंडांवर घेतात. बारच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन मोठ्या चकत्या. ती पोरं तेवढं वजन न थांबता वीस-पंचवीस वेळा उचलतात. दादा म्हणाला, "आपण एकदाच उचलू. सेकंड क्लास तरी पडेल."

आपण! उचलायचं पोराने आणि आपण म्हणे.

ज्या घरात अंडं येत नव्हतं तिथे अंड्यांचे ट्रे आले. निमिष सुट्टीला घरी आला की बॅग ठेवायच्या आत त्याला जिमला नेलं जायचं. त्याच्या कोचने स्पष्ट सांगितलं होतं, की किकरच्या छातीशी मला देणंघेणं नाही, पाय मोकळे ठेव, जड वजनांच्या नादी लागू नकोस. निमिषने ते घरी सांगितलं. दादा म्हणाला, "सर असंच म्हणतात. शाळेत आमचे सरही म्हणायचे, फार वाचू नका."

निमिषने नाही का म्हटलं नाही, असं वहिनीने मला विचारलं. मला तिचाही राग आला. वीस वर्षांचा पोरगा, आणि बापाने जन्मात पहिल्यांदा त्याच्या खेळाबद्दल काही विचारलं होतं. दर आठवड्याला बाप फोन करत होता, सोबत घाम गाळत होता, पाठीवर थाप मारत होता. असा बाप मिळत असेल तर मीसुद्धा लोखंड उचललं असतं.

दोन हजार सहाच्या जूनमध्ये कोचचा फोन आला. मोठा किकर पास होऊन गेला होता. या हंगामात पहिला किकर निमिष. सप्टेंबरच्या पहिल्या शनिवारी, स्वतःच्या मैदानावर, पहिला सामना. निमिषने लगेच मला फोन केला. "विनूआत्या, इट्स माइन. यू हॅव टु कम." दोन वर्षं ज्यासाठी कडेला उभा राहिला ते त्याला मिळालं होतं. मी इथे जिलबी केली.

दादा म्हणाला, "आता तर फळ्यावर खाली राहून चालणारच नाही."

जुलैच्या शेवटच्या रविवारी सकाळी मी ट्रेडमिलवर होते. समोरच्या बाकावर निमिष उताणा, त्याच्या डोक्याशी दादा उभा. असं कुणी उभं राहतं ते कशासाठी, हे त्या जिममधलं शेंबडं पोरही सांगेल. उचलणाऱ्याचे हात थकले तर बार वरच्या वर धरायला. असा हात लागला की ती उचल हिशेबात धरत नाहीत, एवढंच. बारला दोन-दोन मोठ्या चकत्या लावल्या होत्या. निमिषने बार खाली आणला, छातीला टेकवला, ढकलला. अर्ध्यावर बार थांबला. निमिषचे हात कापायला लागले.

"बाबा, टेक इट," तो म्हणाला.

दादाचे दोन्ही तळवे बारच्या खाली, चार बोटं अंतरावर. लावले नाहीत. "होतंय, होतंय तुझं! ढकल! हात लावला तर धरत नाहीत!"

"बाबा, प्लीज!"

"अरे, एवढंसं राहिलंय!"

मी ओरडले, "दादा, उचल तो!" ट्रेडमिलवरून उतरायला गेले आणि धडपडले. बार डावीकडे कलला, खाली येऊ लागला आणि जाड चादर फाडावी तसा आवाज आला. निमिष किंचाळला. शेजारच्या बाकावरचा एक गोरा माणूस झेप घेऊन आला, त्याने दोन्ही हातांनी बार उचलून वर जागेवर नेऊन ठेवला आणि दादाला अशी शिवी हासडली की मी ती इथे लिहू शकत नाही. लिहावीशी मात्र वाटते.

डाव्या छातीचा स्नायू हाडापासून सुटला होता. ऑपरेशन झालं, हात गळ्यात आला, आणि सर्जनने सांगितलं की या वर्षी मैदान विसर. निमिष भिंतीकडे तोंड करून झोपला. त्याचा कोच भेटायला आला, त्याने फक्त एकच विचारलं, "पण कशासाठी?" दादा तिथेच उभा होता. तो म्हणाला, "ही वॉज व्हेरी क्लोज."

मी त्या दिवसापासून दादाशी बोलणं टाकलं.

सप्टेंबरचा पहिला शनिवार आला. तिकडे कॉलेजच्या मैदानावर पहिला सामना, आणि इकडे मंडळाचा गणपती, एका शाळेच्या हॉलमध्ये. निमिषला सामना बघवला नसता, म्हणून तो आमच्याबरोबर आला. आरती झाली, जेवणाच्या रांगेत आम्ही ताटं घेतली. कागदी ताट, त्यात वरणभात, मसालेभात, मोदक. निमिष उजव्या हाताने ताट तोलत उभा. खायला हात कुठून आणणार? तेवढ्यात मंडळाचे जुने अध्यक्ष प्रतापकाका आले.

"काय रे, पैलवान! हाताला काय झालं? किती उचलत होतास?"

निमिषने उत्तर द्यायच्या आत दादा म्हणाला, "दोनशे पंचवीस. एकदा झालं, मग जरा लागलं. बार वर गेला होता पण."

बार वर गेला होता! उचलली जीभ, लावली टाळ्याला. माझ्या हातातला चमचा मी कुठे फेकणार होते मलाच ठाऊक. पण निमिष बोलला. हा पोरगा लहानपणापासून आम्हाला इंग्रजीतच उत्तरं देतो. त्या दिवशी तो हळू, स्वच्छ मराठीत बोलला.

"बार त्या माणसाने वर नेला, बाबा. हात लावला तर धरत नाहीत."

प्रतापकाकांना काही कळलं नाही. ते हसले, म्हणाले, "वा वा, मराठी छान बोलतो की," आणि मोदक घ्यायला पुढे गेले. दादाला कळलं.  बोर्डात चौदावा आलेला माझा भाऊ त्या हॉलच्या मध्यभागी पोराच्या गळ्यातल्या हाताकडे बघत उभा होता.

वरणाने निमिषचं कागदी ताट मधोमध वाकायला लागलं. एका हाताने त्याला ते सावरेना. दादाने आपलं ताट बाजूच्या खुर्चीवर ठेवलं आणि दोन्ही तळवे पोराच्या ताटाखाली लावून ते धरलं.

पाच आठवडे मी त्याच्याशी बोलले नव्हते. तेव्हा बोलले, सगळ्यांच्या देखत, आवाज खाली न करता.

"आता लावलास होय रे हात?"

त्याने मान वर केली नाही. ताट तसंच धरून उभा राहिला, आणि निमिष उजव्या हाताने जेवू लागला.