उसनी चाळणी

१७ जानेवारी. हातातलं काम: जाड रजिस्टरातल्या सगळ्या बायांची माहिती नव्या अ‍ॅपमध्ये चढवणे. मुदत त्याच संध्याकाळपर्यंत. मी गावची आशा सेविका. आमच्याकडे फोन घरी लागतो, पण अ‍ॅपला नेट फक्त तलावाच्या पाळीवर मिळतं, म्हणून डबा, रजिस्टर आणि बसायला एक पोतं घेऊन पाळीवर गेले. खाली पाण्यात मंडळी जाळं ओढत होती.

"बाई, आमचे मासे मोजून राह्यली का?" एकानं विचारलं.

"नाई, तुमच्या बायका मोजून राह्यली," मी म्हटलं. तो जाळं ओढायला वळला.

नाव, वय, मुलं, पाळणा लांबवायचं साधन, पुढची तारीख. इथपर्यंत ठीक होतं. मग आला मोबाइल नंबर. माझ्या रजिस्टरात निम्म्या बायांपुढे हा रकाना रिकामा आहे, कारण त्यांच्याकडे मोबाइल नाही. रजिस्टरानं त्याबद्दल कधी तक्रार केली नव्हती. अ‍ॅप मात्र लाल झालं. दहा शून्यं टाकून पाहिली, तर 'अवैध क्रमांक'. दुपार उतरायला लागली तशी मी सगळ्याच जणी जे करतात ते केलं. घरात जो कुणाचा नंबर असेल तो टाकत गेले.

अशा रीतीनं एका सुनेच्या नावापुढे मी तिच्या सासऱ्याचा नंबर टाकला.

ही सून दर तीन महिन्यांनी उपकेंद्रात इंजेक्शन घेते. दोन मुली आहेत, दुसरीच्या वेळी अंगात रक्त उरलं नव्हतं, डॉक्टरांनी तीन वर्षं थांबायला सांगितलं. सासूला नातू हवा होता आणि थांबायची तयारी नव्हती. मागच्या खेपेला गोळ्यांचं पाकीट सापडलं तेव्हा सुनेला चार महिने माहेरी पाठवलं होतं, मुलींना इकडेच ठेवून. नवरा सूरजागडकडे खाणीत कामाला असतो, महिन्यातून एकदा येतो. त्याला सांगायचं की नाही, ते तिनं ठरवावं. मी विचारत नाही. ह्या घरात फोन एकच, सासऱ्याचा. सासरेही तलावावर मासे धरतात, म्हणून पाण्यात पडू नये यासाठी तो प्लास्टिकच्या पिशवीत घालून गळ्यात अडकवतात. त्यांना कमी ऐकू येतं, म्हणून फोन कायम स्पीकरवर. त्यांच्या मेहुण्याच्या मूळव्याधीचा सगळा इतिहास अख्ख्या पाळीला त्यामुळेच माहीत आहे.

दुसऱ्या दिवशी तालुक्याला प्रशिक्षण होतं. कंपनीच्या एक मॅडम पुण्याहून आल्या होत्या. पडद्यावर पहिलंच चित्र: हिरव्या शेतात हातात मोबाइल घेऊन हसणारी बाई, खाली 'तंत्रज्ञानाच्या केंद्रस्थानी माणूस'. बाईच्या साडीला इस्त्री होती. मी वहीत टिपणं काढत होते, म्हणजे संध्याकाळी काय शिजवायचं ते लिहीत होते.

मग मॅडम म्हणाल्या, "आणि ही नवी सोय. तारखेच्या आदल्या दिवशी सकाळी आठला लाभार्थीला आपोआप फोन जाईल. वाचता येत नसलं तरी चालेल, गोड आवाजात मराठीत सांगितलं जाईल."

त्यांनी आवाज लावून दाखवला. नमस्कार ताई, गर्भनिरोधक इंजेक्शनची आपली तारीख उद्या आहे. आवाज खरंच गोड होता.

सुनेची तारीख होती वीस. म्हणजे फोन उद्याच, सकाळी आठला, पाळीवर, स्पीकरवर.

मी वही मिटली आणि अ‍ॅप उघडलं. नंबर बदला. बदलता येत होता. त्यासाठी जुन्या नंबरवर चार आकडे जाणार होते, ते इकडे भरायचे. सासऱ्यांना वाचता येत नाही. त्यांनी तो निरोप चहाच्या टपरीवर वाचून घेतला असता आणि कशाचा आहे ते मला विचारायला आले असते. मी फोन बाजूला ठेवला.

जेवणाच्या सुट्टीत मॅडमना भात वाढून घेताना गाठलं. सांगितलं काय झालं ते.

"ताई, त्यासाठी तक्रार नोंदवा. तीन दिवसांत होतं."

"फोन उद्या आहे."

"पण ताई, घरात कळलं तर एवढं वाईट काय? उलट मोकळेपणा वाढेल."

"वाढू द्या की. आधी तुमची तारीख तुमच्या सासूबाईंच्या फोनवर पाठवून बघा. आमच्याकडे मग वाढवू."

शेजारी बसलेल्या भद्रावतीकडच्या आशेला ठसका लागला. मॅडम लाल झाल्या, पण चिडल्या नाहीत. मला त्या बऱ्या वाटल्या. नुसत्या नियमांना भ्यायलेल्या होत्या.

"माझ्या हातात खरंच नाही," त्या म्हणाल्या.

"माझ्या आहे," मी म्हटलं, आणि फोन दाखवला. 'लाभार्थी वगळा' दाबलं की कारणं येतात. दोनच होती: स्थलांतर आणि मयत. स्थलांतराला दुसऱ्या गावच्या आशेची मंजुरी लागते. मयताला कुणाचीच लागत नाही. "मी तिला मयत करते. मेलेल्या बाईला फोन जात नसेल ना?"

"ताई, नका. त्या वयाची बाई मयत दाखवली की चौकशी लागते. जिल्ह्यापर्यंत अहवाल जातो."

"जाऊ द्या. चौकशीला आले की मी सांगीन, बाई जिवंत आहे, अ‍ॅपनं मारली."

मॅडमनी ताट ठेवलं आणि बाहेर जाऊन फोन लावला. बराच वेळ कडुनिंबाखाली येरझारा घालत होत्या. मी त्यांच्या ताटावर दुसरं ताट झाकून ठेवलं, माशा फार होत्या. परत आल्या तेव्हा म्हणाल्या, नंबर काढता येत नाही, रकाना रिकामा राहू शकत नाही. पण आशेचा नंबर तिथे टाकता येतो. तो टाकून घेतलाय.

"आणि बाकीच्या बायांचं?" मी विचारलं.

"सगळ्यांसाठी बैठक घ्यावी लागेल." मग बसून त्यांनी लॅपटॉप उघडला. "तुम्ही सांगा, काय असायला हवं?"

मी सांगितलं. रकाना रिकामा ठेवता आला पाहिजे. नंबर घेताना फोन कुणाच्या हातात असतो ते विचारलं पाहिजे, आणि फोन करायचा की नाही हे त्याच बाईला विचारलं पाहिजे, मला नाही, तिच्या नवऱ्याला नाही. तिचं गुपित आहे, तुमची माहिती नाही. आणि तुमची यंत्रं चुकणार, माझीही चूक झालीच, तर ती त्याच दिवशी दुरुस्त करता आली पाहिजे, कुणाला मारल्याशिवाय. आणि त्या चित्रातल्या बाईला जरा चिखल लावा.

त्यांनी चिखलासकट सगळं लिहून घेतलं. मग विचारलं, "अ‍ॅप नव्हतं तेव्हा तुम्ही आठवण कशी करून देत होता?"

"ते नाही सांगणार. उद्या त्याचंही बटण बनवाल."

आता सांगायला हरकत नाही, कारण ती खूण आम्ही बदलली आहे. तारखेच्या आदल्या सकाळी मी त्या सुनेच्या घरी चाळणी उसनी मागायला जायची. चाळणी मागितली म्हणजे उद्या उपकेंद्र. माझ्या घरी तीन चाळण्या आहेत.

एकोणीसला सकाळी आठला माझा फोन वाजला. मी चुलीपाशी होते, नवऱ्यानं उचलला. ऐकता ऐकता त्यांचा चेहरा बदलला.

"काऊन व," ते म्हणाले, "कोनती तरी बाई इंजेक्शनाचं सांगून राह्यली. या वयात?"

"चुकीचा नंबर आहे. ठेवा."

"नमस्कार ताई म्हनली ते."

"मग ताईलेच म्हनली. तुमी चहा घ्या."

पदर खोचून निघाले. सुनेच्या अंगणात तिचे सासरे जाळ्याची भोकं विणत बसले होते, गळ्यात पिशवी, पिशवीत फोन. मी फोनकडे पाहिलं. गप्प होता.

"भाऊ, जरा चाळनी पायजे होती."

"आँ?"

"चाळनी."

"तुमच्या घरी साधी चाळनी नाई का, बाई? सरकार एवढं देते तुमाले."

"सरकार मोबाइल देते भाऊ. त्यानं पीठ चाळता येत नाई."

ते हसले आणि आत ओरडले. सून बाहेर आली, धाकटी कडेवर होती. चाळणी माझ्या हातात देताना तिनं विचारलं, "आजच पायजे?"

"आजच."

"उद्या मी येऊन घेऊन जाईन," ती म्हणाली.

घरी आल्यावर, आणलीच होती तर, मी त्या चाळणीनं दोन पायल्या पीठ चाळून ठेवलं.