गोळी बंद होती ते पंधरा दिवस

"झडपेवर जंतूंनी घर केलंय," डॉक्टर स्क्रीनवर बोट ठेवून म्हणाले. इन्फेक्टिव्ह एन्डोकार्डायटिस, म्हणजे हृदयाच्या झडपेला झालेला जंतुसंसर्ग.

माझ्या नवऱ्याला नऊ वर्षांपूर्वी धातूची झडप बसवली. तिच्यावर रक्ताची गुठळी धरू नये म्हणून रोज संध्याकाळी वॉरफरिन, म्हणजे रक्त पातळ ठेवणारी गोळी. ती मीच द्यायची. एकदाही चुकली नव्हती.

चूक दुसरीकडेच झाली. आगाशीला आमची पानवेलींची वाडी आहे. विड्याची पानं खुडायला अंगठ्याला लोखंडी नखी लावतात, ती यांच्या बोटात घुसली. रक्त थांबेना, म्हणून यांनी नेहमीसारखी जखमेत चुना-हळद दाबली. वर फडकं मीच बांधलं. बोट सुजलं, ताप आला, पण खुडणी अर्धी कशी टाकायची म्हणून आठवडा तापाच्या गोळ्यांवर काढला. मला आजही राग येतो, यांचा आणि माझाही.

हॉस्पिटलात तिसऱ्या दिवशी यांची जीभ अडखळली, उजवा हात लुळा पडला. सीटी स्कॅनमध्ये मेंदूत थोडा रक्तस्राव दिसला. डॉक्टरांनी समोर बसवून सांगितलं, "रक्त पातळ ठेवलं तर रक्तस्राव वाढेल. नाही ठेवलं तर झडप अडकू शकते. सध्या थांबवतोय."

"तुमच्या घरचं माणूस असतं तर?"

"हेच केलं असतं. आणि असाच घाबरलो असतो."

मी सही केली.

अँटिबायोटिक शिरेतून चालू होतं. मी आयसीयूबाहेरच्या खुर्चीवर नुसती बसून. संध्याकाळी आत सोडत, तेव्हा हे अडखळत विचारत, "गोळी दिली?" मी म्हणायची, "दिली." पंधरा दिवस रोज खोटं बोलले. मग पुन्हा स्कॅन झाला आणि सलाइनमधून हेपरिन, म्हणजे रक्त पातळ ठेवणारंच दुसरं औषध, सुरू झालं. त्या डॉक्टरांचे उपकार विसरणार नाही.

तुमच्या घरात कुणाला अशी झडप असेल तर कुठलाही ताप साधा समजू नका. आधी ब्लड कल्चर करा, म्हणजे रक्तात जंतू आहेत का ते कळतं. अँटिबायोटिक त्यानंतर. आणि रक्त पातळ करणारी गोळी आपल्या मनाने बंद करू नका.

घरी आल्यावर मी यांना खरं सांगून टाकलं.

"ठाऊक होतं," हे म्हणाले. "दिली म्हणायचीस, पण पाणी कुठं पाजलंस?"

"मग रोज विचारत का होतात?"

"हाताला काम नाही म्हणून तू नुसती उभी असायचीस. बघवत नव्हतं."