राखणीचे दहा रुपये

जळगावात बाजाराशेजारच्या खाजगी पार्किंगात ते आबा मला एकदाच भेटले. डोक्यावर पांढरी टोपी, आणि बोलताना समोरच्याच्या खांद्यावर बोटाने टकटक करायची सवय. त्यांच्या मोटारसायकलच्या हँडलला अडकवलेली मेथीची जुडी शेळीने फस्त केली होती, आणि पार्किंगवाला तरीही दहा रुपये मागत होता.

"राखण करी नही, मंग पैसा कसाना?"

पार्किंगवाल्याने पाटीकडे बोट दाखवलं. आबांनी चष्मा आणला नव्हता, म्हणून मला ती मोठ्याने वाचायला लावली: 'वाहनाची व सामानाची जबाबदारी मालकाची राहील.'

"म्हन्जे राखण बी मनीच, आनि दहा रुप्या बी मनाच?" आबांनी त्याचा खांदा टकटकवला. "मंग तू आठे कसाले बठेल शे?"

आपण इथे कशाला बसलोय ते सांगण्याऐवजी त्याने हात जोडले. "जा आबा, नका देऊ," तो म्हणाला.

मला भारी आनंद झाला. कित्येक वर्षं मी इथे तोंडातून ब्र न काढता दहा रुपये देत आलोय.

जिंकल्यावर आबांना तहान लागली. "भाऊ, मनी गाडीकडे ध्यान दे, मी पानी पिईसन येस." शेळी अजून गाडीभोवतीच घुटमळत होती. तिला हाकलत मी पंधरा मिनिटं उन्हात उभा राहिलो.

परत येऊन त्यांनी माझा खांदा टकटकवला आणि तळहातावर दहाचं नाणं ठेवलं. "ले भाऊ, राखणना." नको म्हणायची माझी हिंमत झाली नाही.

ते गेल्यावर मी माझी स्कूटर काढली. पार्किंगवाल्याने हात पुढे केला. मी मुकाट्याने तेच नाणं त्याच्या हातावर ठेवलं.